पाटी सरकवताना

दर एप्रिलमध्ये नगरपालिकेचं पत्र येतं
आणि मी फावडं, पहार, पाणसळ घेऊन
बाल्टिकच्या वाळूत उतरतो.
पाटीवर तीनच शब्द: इथून पुढे विवस्त्र.
यंदाच्या पत्रात लिहिलंय, साठ पावलं पूर्वेला.
पावलं कुणाची, ते लिहिलेलं नाही.
मी माझीच मोजतो.

नव्या हॉटेलची काच इतकी मोठी
की नाश्त्याच्या टेबलावरून अख्खा समुद्र दिसतो.
समुद्राबरोबर गुंडुला क्लाफ्केही दिसते,
तक्रार एवढीच.

वय एकोणऐंशी. डावीकडे स्तन नाही,
तिथे एक तिरपी शिवण,
पोत्याचं तोंड घाईत शिवावं तशी.
धुरी दिलेला बांगडा ती उभ्यानंच खाते,
काटे वर्तमानपत्रात गोळा करते
आणि काचेआड कुणी दिसलंच
तर हात हलवते.
ती काही दाखवत नसते. असते, बस.

पाहुण्यांचा एक मुलगा मला विचारून गेला,
आजोबा, यांना लाज नाही वाटत?
वाटते की.
गुंडुलाची कवळी ग्लासात असताना दार वाजलं
तर ती उघडत नाही.
विलिबाल्ड स्वतःच्या बायकोलाही
पेन्शनचा आकडा सांगत नाही.
लाज सगळ्यांकडे असते रे,
ज्याचं त्याचं कपाट निराळं.

जुन्या राज्यात आम्हाला सीमा ओलांडता येत नव्हती,
मोकळी अशी ही एवढी पट्टी.
शनिवारी तंबू लागायचे.
कारखान्याचा मॅनेजर, क्रेनवाला, बालवाडीची बाई
बिअरच्या रांगेत एकामागे एक,
नाणी मुठीत, कारण खिसाच नाही.
वाटायचं, इथे तरी
कुणी कुणाचा साहेब नाही.

मग भिंत पडली, दफ्तरं उघडली.
माझी फाइल हिरव्या पुठ्ठ्याची, दोनशे बारा पानं.
पान सत्तेचाळीस:
"जुलै, समुद्रकिनारा. निर्धास्त बोलतो.
डाव्या मांडीवर जन्मखूण."
किती तरी वेळ मी त्या खुणेवर हात ठेवून बसलो,
पँटवरून.

कोण होता तो? रांगेत माझ्या पुढचा, की मागचा?
गणवेशात असता तर ओळखला असता.
उघड्या माणसाकडे लपवायला काही नसतं
असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही.
जीभ तर तोंडातच असते.

पुढच्या वर्षी कारखाना विकला गेला.
सूटबूटवाले आले, सह्या करून गेले.
नागवलं आम्हाला त्यांनी,
टायची गाठही सैल न करता.

त्या उन्हाळ्यात मी किनाऱ्यावर फिरकलो नाही.
घरातसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावून बसायचो.
ऑगस्टमध्ये गुंडुला आली. टाके नुकतेच निघाले होते.
म्हणाली, चल, आज मला एकटीला जमायचं नाही.
वाळूच्या टेकडीमागे तिनं ब्लाउज काढला,
नीट घडी घातली,
पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली.
मी समुद्राकडे बघत माझ्या गुंड्या सोडत होतो,
सगळ्यात जास्त वेळ वरचीला लागला.
मग आम्ही चालत गेलो.
काहींनी पाहिलं, काहींनी नाही.
कमरेपर्यंत पाण्यात उभी एक म्हातारी ओरडली,
गार आहे गं आज,
आधी मनगटं भिजव.

आज सत्तावन्नाव्या पावलावर
पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल आडवा येतो.
त्यावर गुंडुला, पालथी, डोळे मिटून.
झाली का साठ? ती विचारते.
झाली, मी म्हणतो. गुडघा दुखतोय,
पावलं आखूड पडतात हल्ली.

टॉवेलच्या अलीकडे मी खड्डा घेतो.
ती उठते, अंगावरची वाळू झटकते
आणि खांब सरळ धरते.
काचेआड कुणीतरी दुर्बीण लावलेली.
डावीकडे कललाय, ती म्हणते.
मी पाणसळ लावून बघतो.
खरंच, कललाय.